छऱ्याची बंदूक : जत्रेतल्या फुग्यांपासून ऑलिंपिकपर्यंत

१ ऑगस्ट २०२४ रोजी फ्रान्समधील शातोरू येथे कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफल तीन स्थिती प्रकारात कांस्यपदक मिळवले. खाशाबा जाधवांच्या १९५२ मधील हेलसिंकीच्या पदकानंतर तब्बल ७२ वर्षांनी एका मराठी खेळाडूला ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक पदक मिळाले. त्यानंतर सव्वा महिन्यातच गणपती आले. आरती झाली, प्रसाद वाटून झाला, की मंडपात कोणी ना कोणी मला बाजूला घेई आणि विचारी, "मुलाला नेमबाजी शिकायची आहे, बंदूक कुठली घ्यावी?" मी काही वर्षे रविवारी सकाळी रेंजवर जातो हे मंडळात ठाऊक असल्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे येणे साहजिकच होते.

प्रश्न विचारणाऱ्यांमध्ये दोन गट होते. एका गटाला कुसाळेसारखी 'खरी' नेमबाजी हवी होती. दुसऱ्या गटातली मुले जरा मोठी, कॉलेजातली. संगणकावरचे लढाईचे खेळ खेळून आणि परदेशातल्या चित्रफिती पाहून त्यांना 'एअरसॉफ्ट' नावाच्या खेळाचे वेड लागलेले. वाचकहो, दोघांनाही तोंडी उत्तर देताना माझी दमछाक झाली, कारण बंदूक कुठली घ्यावी हे सांगण्याआधी ही हवेची बंदूक आली कुठून हे सांगावे लागते. यंदा संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा म्हटले, हे एकदा लिहूनच काढावे.

हवेच्या दाबाने गोळी फेकणारी बंदूक हे मुळात खेळणे नव्हते. बार्थोलोमेउस जिरार्दोनी नावाच्या टिरोल भागातील कारागिराने १७८० च्या सुमारास बनवलेली हवेची रायफल ऑस्ट्रियाच्या सैन्यात वापरात होती. दस्त्यातच हवेची टाकी, वर वीसेक गोळ्या भरायची सोय. धूर नाही, ठिणगी नाही, पावसात दारू भिजण्याची भीती नाही. लुईस आणि क्लार्क १८०३ ते १८०६ या काळात अमेरिकेचा पश्चिम भाग धुंडाळायला गेले तेव्हा त्यांच्या सामानातही एक हवेची रायफल होती. पण टाकी भरण्यासाठी शेकडो वेळा पंप मारावा लागे आणि दुरुस्तीला कसबी कारागीर लागे. त्यामुळे सैन्याने ती सोडली. पुढे स्प्रिंगवर चालणारी, नळी मोडून ताण देण्याची साधी बंदूक निघाली आणि हवेची बंदूक युद्धातून उतरून जत्रेत आली.

ती बंदूक आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. गावच्या उरुसात किंवा जत्रेत पडद्यावर रांगेने लावलेले रंगीत फुगे आणि समोर फळीला टेकवून ठेवलेली, नळी थोडी वाकडी झालेली बंदूक. बसवनगुडीत दोड्ड गणपतीच्या देवळापाशी कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी भरणाऱ्या कडलेकाई परिषेत, म्हणजे शेंगांच्या जत्रेत, गेलात तर आपल्या गावची आठवण आल्याशिवाय राहणार नाही. आपल्या पिढीतल्या काहींच्या घरी 'आयएचपी' अशी अक्षरे असलेली एअरगन असेल. ही अक्षरे म्हणजे इंडियन ह्यूम पाइप. वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहातील ही कंपनी. सिमेंटचे पाइप करणाऱ्या कारखान्याने एअर रायफलीही कराव्यात याची गंमत वाटते खरी. पण नळी ती नळीच!

आता फुग्यांची बंदूक ऑलिंपिकला कशी पोहोचली? याचे उत्तर दुसऱ्या महायुद्धातल्या पराभवात आहे, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातला हाच सर्वांत रंजक भाग आहे.

१९४५ मध्ये जर्मनी हरला आणि दोस्त राष्ट्रांनी तिथल्या लोकांची शस्त्रे काढून घेतली. गावोगावच्या नेमबाजी संघांची परंपरा शेकडो वर्षांची, आणि हाती बंदूक नाही. १९५० च्या आसपास हवेच्या बंदुका बनवायला मुभा मिळाली आणि सगळा उत्साह तिकडे वळला. जर्मन नेमबाजी महासंघ १९५१ मध्ये पुन्हा उभा राहिला. पण जत्रेतली बंदूक स्पर्धेला चालेना. अडचण अशी, की चाप ओढला की स्प्रिंग सुटून दट्ट्या पुढे धावतो, त्यामुळे बंदूक आधी मागे ढकलली जाते आणि दट्ट्या पुढे जाऊन आपटला की पुढे हिसका बसतो. हे दोन्ही हिसके छर्रा नळीतून बाहेर पडण्याआधीच बसलेले असतात! म्हणजे नेम कितीही अचूक धरला तरी छर्रा निघेपर्यंत नळी हललेली.

माउझर कारखान्यातून बाहेर पडलेल्या कार्ल वेस्टिंगर आणि एर्न्स्ट आल्टेनबर्गर या दोघांनी ओबेर्नडॉर्फ गावी फाइनवेर्कबाऊ ही कंपनी काढली होती. १९६१ मध्ये त्यांनी अशी रायफल आणली, की चाप ओढताच तिचा सगळा यंत्रभाग लाकडी दस्त्याच्या आतल्या रुळांवर मागे सरकायचा. हिसका दस्त्यातच जिरायचा आणि नेमबाजाच्या खांद्याला तो कळायचाही नाही. आपल्यापैकी जे यंत्रांशी संबंधित आहेत त्यांना या कल्पनेचे कौतुक वाटेल. हिसका थांबवता येत नाही ना, मग त्याला वाट करून द्या. पुढच्या पाच वर्षांत, १९६६ मध्ये, दहा मीटरची एअर रायफल जागतिक स्पर्धेत आली, १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पुरुष आणि महिला दोघांसाठी आली आणि १९८८ मध्ये एअर पिस्तूलही आले. २००८ मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्राने भारताचे पहिले वैयक्तिक सुवर्ण मिळवले ते याच दहा मीटर एअर रायफलमध्ये.

तिकडे जपानही हरला होता. तिथला शस्त्रकायदा फार कडक. सामान्य माणसाला पिस्तूल बाळगणे जवळपास अशक्य. पण बंदुकीचे आकर्षण काही कायद्याने जात नाही. म्हणून तिथे हुबेहूब दिसणाऱ्या प्रतिकृती निघाल्या आणि १९७० च्या दशकात त्यांतून प्लास्टिकची हलकी गोळी उडवणारी बंदूक आली. हेच एअरसॉफ्ट. सहा मिलीमीटरची गोळी, वजन साधारण ०.२ ग्रॅम, जोर एका ज्यूलच्या आसपास. टोकियो मारुई कंपनीने १९९१ मध्ये बॅटरीवर चालणारी बंदूक आणली आणि खेळ जगभर पसरला. यात लक्ष्य कागदाचे नसते, समोरचा खेळाडूच लक्ष्य असतो. गोळीचा डाग पडत नाही, त्यामुळे लागल्यावर "लागली" असे आपणच कबूल करून बाहेर जायचे असते. सारा खेळ प्रामाणिकपणावर चालतो. (हा नियम आपल्याकडच्या गल्लीतल्या क्रिकेटला लावून पाहावा.)

आपल्या आयटीतल्या मंडळींना कंपनीच्या सहलीमुळे ठाऊक असलेला पेंटबॉल हा एअरसॉफ्टचा अमेरिकन चुलतभाऊ. जंगलात झाडांवर आणि कुरणात गुरांवर रंगाची खूण करण्यासाठी बनवलेली पिस्तुले घेऊन १९८१ मध्ये न्यू हॅम्पशायरमध्ये काही मित्रांनी पहिला डाव खेळला.

एअरसॉफ्टबद्दल विचारणाऱ्या मुलांना माझे सांगणे एवढेच, की आपल्याकडे या खेळाचा जम बसलेला नाही आणि खऱ्या बंदुकीसारखी दिसणारी वस्तू परदेशातून मागवणे म्हणजे कस्टम्समध्ये अडकण्याची तयारी ठेवणे. शिवाय ती वस्तू पाठीवर टाकून बेंगळुरूच्या मेट्रोत शिरून पाहा! लढाईचाच खेळ हवा असेल तर पेंटबॉलच्या मैदानावर जावे, तिथलेच साहित्य भाड्याने घ्यावे. स्वतःचे काही घ्यायचेच असेल तर चांगला, संपूर्ण चेहरा झाकणारा मुखवटा. प्लास्टिकची गोळी कातडीला चिमटा काढते, पण डोळा कायमचा घालवू शकते. तिकडचे अनुभवी खेळाडूही नवशिक्याला बंदुकीआधी डोळ्यांचे संरक्षण घ्यायला सांगतात. घामाने आतून धुके धरते म्हणून मैदानात मुखवटा वर करणारा एक तरी वीर प्रत्येक ऑफिसात असतो. त्याला आधी आवरावे.

आता आपल्या देशाकडे वळू. जर्मन महासंघ पुन्हा उभा राहिला त्याच १९५१ साली भारतात नॅशनल रायफल असोसिएशनची स्थापना झाली. तिचे संस्थापक अध्यक्ष होते गणेश वासुदेव मावळंकर. होय, लोकसभेचे पहिले सभापती, दादासाहेब मावळंकर! मूळ घराणे रत्नागिरीकडचे, जन्म १८८८ मध्ये बडोद्याचा, वकिली आणि सारे सार्वजनिक जीवन अहमदाबादेत. म्हणजे तुमच्याआमच्यासारखाच महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेला मराठी माणूस, फक्त उंची फार निराळी. गांधीजी आणि सरदार पटेल यांचा सहकारी, सत्याग्रहात तुरुंगवास भोगलेला. अशा माणसाने रायफल असोसिएशनचे अध्यक्षपद घ्यावे हे प्रथम वाचले तेव्हा मी चकित झालो होतो. पण नीट पाहिले तर विसंगती वाटत नाही. परक्या राज्यात हत्यार सामान्य माणसाच्या हाती पडू दिले जात नसे. स्वतंत्र देशातल्या नागरिकाने ते नियमात राहून, निशाण्यापुरते, खेळ म्हणून हाताळायला शिकावे, यात गांधीवाद्याला अडचण वाटण्याचे कारण नव्हते, असे मला वाटते.

आज त्यांचे नाव देशभरातला प्रत्येक होतकरू नेमबाज घेतो, बहुतेकांना ते कोण हे माहीत नसते एवढेच. राज्य स्पर्धेतून वर आलेला पण राष्ट्रीय स्पर्धेला अजून पात्र न ठरलेला खेळाडू जी परीक्षा देतो, तिचे नाव अखिल भारतीय जी. व्ही. मावळंकर नेमबाजी स्पर्धा. रेंजवर मुले सहज म्हणतात, "अंकल, माझा मावळंकर झाला." नवख्यांच्या या दरवाजावर एका मराठी माणसाचे नाव आहे, हे आपल्या मुलांना जरूर सांगावे.

महाराष्ट्रात हा खेळ रुजला तो श्रीमंतांच्या दिवाणखान्यातून नव्हे. एनसीसीतून अनेक मुलींनी प्रथम रायफल हातात घेतली. अंजली वेदपाठक, म्हणजे पुढच्या अंजली भागवत, त्यांतल्याच. मुंबईत वरळीच्या रेंजवर संजय चक्रवर्ती यांनी अंजली भागवत, सुमा शिरूर, दीपाली देशपांडे अशी एक पिढीच घडवली. अंजलीने २००० मध्ये सिडनीत अंतिम फेरी गाठली आणि २००२ मध्ये जागतिक क्रमवारीत पहिले स्थान मिळवले. सुमाने २००४ मध्ये क्वालालंपूरला आशियाई स्पर्धेत प्राथमिक फेरीत ४०० पैकी ४०० गुण घेतले. त्याच वर्षी ती अथेन्सच्या अंतिम फेरीत होती. सुमा शिरूरचा जन्म चिक्कबळ्ळापूरचा, नंदी हिल्सच्या पलीकडे, इथून दीड-दोन तासांवर. आपण तिकडून इकडे आलो, ती इकडून तिकडे गेली आणि पनवेलला तिने नेमबाजीची संस्था उभी केली. नाशकात माजी पोलीस अधिकारी भीष्मराज बाम यांनी नेमबाजांच्या मनावर काम केले. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २००६ मध्ये मेलबर्नच्या राष्ट्रकुल स्पर्धेत एअर रायफलचे सुवर्ण घेतले आणि २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन, म्हणजे झोपून मारण्याच्या प्रकारात, ती जगज्जेती झाली. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलात सुवर्ण घेतले. ती सुद्धा कोल्हापूरचीच. स्वप्निल २००९ मध्ये शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला, पुढे रेल्वेत तिकीट तपासनीस झाला आणि दीपाली देशपांडे त्याच्या मार्गदर्शक. वरळीची शिष्या गुरू झाली, तिचा शिष्य पॅरिसला उभा राहिला. या सगळ्या माळेत आधी रेंज आणि गुरू दिसतात, बंदूक त्यांच्या मागून आलेली दिसते.

तेव्हा 'बंदूक कुठली घ्यावी' याचे माझे उत्तर : पहिले सहा महिने कुठलीच नाही. क्लबची वापरा. स्पर्धेची परदेशी एअर रायफल दोन लाखांच्या पुढे जाते. आपल्यातल्या एका सहकाऱ्याने हौसेने दहावीतल्या मुलासाठी ती घेतली आणि आता ती कपाटावर आहे, मुलगा गिटार शिकतो आहे. वाढत्या वयातल्या मुलाचे हात, खांदे, मान दरवर्षी बदलतात, डावा डोळा प्रबळ की उजवा हेही अनेकांना माहीत नसते. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटी खिडकी करा, तिच्यातून लांबची वस्तू पाहा आणि एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने वस्तू खिडकीतच राहते तो प्रबळ. उजव्या हाताच्या मुलाचा डावा डोळा प्रबळ निघाला तर आधी प्रशिक्षकाशी बोलावे. घाईने घेतलेली उजवी रायफल मग गळ्यात पडते.

रायफल की पिस्तूल हाही प्रश्न असतो. रायफल दोन हातांनी, शरीराच्या आधाराने धरायची. नियमाप्रमाणे ती साडेपाच किलोपर्यंत असू शकते. तिला कॅनव्हास आणि चामड्याचे जाड जाकीट, विजार, हातमोजा आणि सपाट तळाचे बूट लागतात. पिस्तूल दीड किलोच्या आतले, ते एकाच हातावर तोलायचे आणि कपड्यांचा खर्च जवळपास नाही. खिसा पाहून सुरुवात करणाऱ्याला पिस्तूल परवडते, मात्र हात स्थिर व्हायला वेळ लागतो आणि चंचल मुले तेवढ्यात कंटाळतात. रायफलवाल्याने स्वतःचे पहिले घ्यायचे ते जाकीट. तेही मापाचे. जितके जाड तितके चांगले असे नाही. स्पर्धेत कापडाची जाडी आणि ताठरपणा यंत्राने मोजतात आणि अडीच मिलीमीटरच्या वर गेले की बाद. वर्षभराने रायफल घ्यायची वेळ आलीच तर भारतीय बनावटीचा विचार जरूर करावा. ठाणे जिल्ह्यातील प्रीसीहोलसारख्या, नळ्यांना खोल भोके पाडणारी यंत्रे बनवणाऱ्या उद्योगातूनच आता एअर रायफली निघतात. किंमत परदेशीच्या काही अंशात. जुनी परदेशी मिळत असेल तर प्रथम हवेच्या सिलिंडरवरची तारीख वाचावी. यात दोनशे बार दाब भरतात, गाडीच्या चाकातल्या हवेच्या सुमारे शंभरपट. दहा वर्षांवरचा सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि तो सुरक्षितही समजू नये.

छर्रा साडेचार मिलीमीटरचा, चपट्या डोक्याचा, अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. चपटे डोके एवढ्यासाठी, की कागदाला स्वच्छ गोल भोक पडावे. दहा मीटरवर रायफलच्या लक्ष्याचा दहाचा ठिपका फक्त अर्धा मिलीमीटर असतो. वाक्याच्या शेवटी आपण पेनाने टिंब देतो तेवढाच. छर्रे शिशाचे असतात, त्यामुळे तोंडात धरू नयेत आणि हात धुतल्याशिवाय डबा उघडू नये.

कायद्याचेही सांगितले पाहिजे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार साडेचार मिलीमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. विक्रेता ओळखपत्र घेतो, म्हणून खरेदी पालकांच्या नावाने करावी. पण परवाना नाही म्हणजे खेळणे आहे असे मानून अपार्टमेंटच्या गच्चीवर कबुतरे मारायला निघालेली मुले मी पाहिली आहेत. दहा मीटरवर कागद भेदणारा छर्रा समोरच्या इमारतीतल्या बाल्कनीपर्यंत सहज जातो. अरुणाचल प्रदेशात एअरगनने पक्षी इतके कमी केले, की २०२१ पासून तिथे लोकांनी आपापल्या एअरगन सरकारजमा करण्याची मोहीम सुरू झाली. घरी बंदूक असलीच तर ती कुलपात असावी, छर्रे वेगळ्या कपाटात, आणि रिकामी असली तरी माणसाकडे रोखायची नाही. पहिल्या दिवशी रेंजवर हेच शिकवतात, चाप नंतर.

सराव मात्र घरी होतो. छर्रा न भरता, पांढऱ्या भिंतीसमोर रायफल धरून उभे राहायचे, श्वास सोडायचा, चाप हळूच दाबायचा आणि साइट हलली का ते पाहायचे. याला ड्राय फायर म्हणतात. आपल्या मंडळातली आठवीतली एक मुलगी क्लबची रायफल परत केल्यावर घरी दीड किलोची लाकडी पट्टी हातात धरून हे करते. रोज वीस मिनिटे, आईच्या स्वयंपाकघरातल्या घड्याळावर. बेंगळुरूत राहणारी असल्यामुळे ती कर्नाटकाच्या राज्य स्पर्धेत उतरेल. तिच्या आजोबांना, जे मूळ राधानगरी तालुक्यातले, याचे थोडे वाईट वाटते. मुलीला विचारले तर ती म्हणाली, "आजोबा, आधी दहा तर लागू दे."